नाक्यावरचा कोट

पहिला भोंगा देऊन मी बटणावरचा हात काढला, आणि रोजच्यासारखा पखुर्ड्यांचा थवा खालच्या मुरमाड पट्टीतून उठला. कुट-कुट-रो करत एक गिरकी घेतली आणि नदीकडे निघून गेला. भोंग्याला माणसं जेवढी भीत नसत तेवढी ती पाखरं भ्यायची. माणसं उलट भोंगा झाला की बिडी काढून निवांत बसायची. त्या दिवशी मात्र माझं लक्ष पाखरांवर नव्हतंच. मारेगावच्या बाजूने चैत्रातला काळा ढग चढत होता, आणि खाली बेंचवर सगळी होलं बारूद भरून तयार होती.

बेंच म्हणजे खाणीतली पायरी. कोळशावरचा दगड एकदम निघत नाही. तो पायरी-पायरीने फोडावा लागतो. पायरीवर होलं पाडायची, त्यांत बारूद भरायची, तारा जोडायच्या आणि दूर जाऊन उडवून द्यायचं. तेव्हा बारूद पेटवणाऱ्या कॅपा विजेवरच्या होत्या. वीज जवळपास पडली, की ती होलं कोणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. म्हणून ढग डोक्यावर यायच्या आत उडवून मोकळं व्हायचं, एवढीच सगळ्यांना घाई होती. मॅनेजर साहेबांचा फोन माझ्या केबिनमध्ये सारखा खणखणत होता.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची, वणीच्या पुढच्या एका उघड्या खाणीतली. आमचं वावर त्या खाणीत गेलं. वावराच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी, असा नियम होता. बाबांचं वय बसत नव्हतं आणि त्यांना मुलगा नव्हता, म्हणून नोकरी मला लागली, ती पण भोंग्यावर. गावाला चघळायला विषयच मिळाला. लटारी उरकुड्याची छबू घरात गळा काढायची, आता सरकारी खर्चाने काढते, असं बाया पाणवठ्यावर बोलत. मी त्यांना म्हणायची, तुमच्या नवऱ्यांना वेळेवर जेवायला तरी पाठवते ना मी. जीभ माझी आधीपासून तिखट, नोकरीने ती आणखी धारदार केली.

बाबांना रिकामं बसवेना. ते ठेकेदाराकडे झेंडीवाले म्हणून लागले. ब्लास्टिंगच्या वेळी खाणीच्या चारी बाजूंना चार नाके असतात. प्रत्येक नाक्यावरचा माणूस आपल्या बाजूचं शिवार फिरून गुराखी, काटक्या वेचणाऱ्या बाया, चुकलेला वाटसरू, सगळ्यांना बाहेर काढतो आणि नाक्यावर येऊन लाल झेंडी उभी धरतो. बारुदाजवळ वायरलेस चालत नाही, म्हणून ही झेंडीच त्याचं तोंड. मी डम्पच्या, म्हणजे खाणीतून काढलेल्या मातीच्या डोंगराच्या, माथ्यावरच्या केबिनमधून दुर्बिणीने चार झेंड्या बघायच्या आणि खालच्या खोपीत बसलेल्या ब्लास्टिंगच्या खोब्रागडे साहेबांना तारेच्या फोनवर सांगायचं, चारही मोकळे. मग दुसरा भोंगा द्यायचा. तो वाजला की साहेब पेटीचं बटण दाबत. दुसरा भोंगा वाजल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम. भोंग्याच्या पेटीला किल्ली असायची आणि ती माझ्याकडे.

बाबांचा नाका तिसरा. तो नेमका आमच्या वावराच्या जुन्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर होता, आणि त्या दिवशी उडवायची बेंच आमच्याच मुरमाड पट्टीत आली होती. त्या पट्टीत कधी धड पीक आलं नाही. पण पखुर्ड्यांना तीच आवडायची. उघडी, खडकाळ, बोटभर गवताची जमीन लागते त्यांना. खाण आली तेव्हा वरची माती खरवडल्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं त्या उलट वाढल्या. खाणीत साचलेल्या पाण्यावर सकाळी उतरणारा थवा बघून लोक म्हणायचे, कंपनीने पाखरांचंही भलं केलं. मग बेंच पुढे सरकत गेली आणि बसायला जागा उरेनाशी झाली. थवा दर साली बारीक होत गेला. ते आमच्या घरात एकट्या बाबांनी मनावर घेतलं होतं.

त्या दिवशी सकाळी बाबा खोब्रागडे साहेबांकडे गेले होते. बेंचच्या टोकाला होलांच्या मधे पखुर्डी अंड्यांवर बसली आहे, तेवढा कोपरा सोडता येईल का, असं विचारायला. आमच्याकडे वखरताना टिटवीचं, तित्तराचं घरटं लागलं की बैल थांबवतात, वखर उचलून पलीकडे टेकवतात आणि मधे हातभर जमीन तशीच ठेवतात. पुढे पिकात तेवढं टक्कल दिसतं. ते टक्कल बघून कोणी हसत नाही. बाबांनी साहेबांना तेच सांगितलं असणार. साहेब माणूस वाईट नव्हता, पण होलं भरून झाली होती. ते म्हणाले, लटारीभाऊ, साऱ्या गावाले नोटीस दिली होती, पाखराले नाही भेटली का? सगळे हसले. मीही हसले. बाबा नाक्यावर गेले.

दुर्बीण लावून मी झेंड्या बघितल्या. पहिली उभी, दुसरी उभी, चौथी उभी. तिसऱ्या नाक्यावर बाबांचा निळा कोट आणि वर लाल झेंडी. मी फोन उचलला. तेवढ्यात बेंचवरून दोन पखुर्ड्या उठल्या.

दोनच होत्या. ओरडत, बेंचच्या टोकाच्या दगडी ढिगामागून उठल्या आणि तिथेच वर घिरट्या घालू लागल्या. थवा भोंग्याने उठतो, पण अंड्यांवरची पखुर्डी भोंग्याने उठत नाही. तिच्यावर पाय पडायची वेळ येते तेव्हाच ती जागा सोडते. म्हणजे बेंचवर कोणाचा तरी पाय होता.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "आतमधी कोणतरी हाये."

"कोण?"

"माहीत नाही. बेंचवरून दोन पखुर्ड्या उठल्या आता."

साहेब शांतपणे म्हणाले, "छबूबाई, ढग पाहून रायल्या ना तुम्ही? पाखरं उठले म्हणून मी ब्लास्टिंग थांबवलं, असं वर सांगू काय? कुत्रं असंल, कोल्हं असंल. चारी नाके मोकळे हायेत का, तेवढं सांगा."

चारी नाके मोकळेच दिसत होते. मी तोंड उघडलं आणि पुन्हा दुर्बीण लावली. बेंचचं ते टोक दगडाच्या ढिगामागे होतं, माझ्या केबिनमधून दिसत नव्हतं. दिसत होता तो तिसरा नाका. वारा सुटला होता. बाबांच्या कोटाची एक बाही आडवी झाली, खाली पडली आणि पुन्हा आडवी झाली. त्या बाहीत हात नव्हता.

मी काय बघते आहे ते मला कळायला थोडा वेळ लागला. रानडुकरांचा त्रास होता तेव्हा बाबा रात्री घरी जेवायला येताना हेच करायचे. दगडांत काठी रोवायची, तिला आपला सदरा घालायचा, वर मुंडासं ठेवायचं. धनी वावरात आहे असं डुकरांना वाटायचं. इथे काठी झेंडीची होती आणि फसवायचं होतं मला. सगळ्यांना बाहेर काढायचं काम ज्याचं, तो स्वतः बाहेर आहे की नाही हे बघायला कोणीच नेमलेलं नव्हतं.

"साहेब, तिसऱ्या नाक्यावर माणूस नाही. नुसता कोट हाये."

"मंग लटारीभाऊ कुठं हाये?"

उत्तराची त्यांनी वाट बघितली नाही. "तुम्ही जागा सोडू नका," ते म्हणाले, "मी जातो." फोन ठेवल्याचा आवाज आला.

पण त्यांची खोप खाणीच्या पार दुसऱ्या बाजूला. अख्खा वळसा घालून त्यांना यावं लागणार होतं. माझ्या केबिनपासून बेंच उतरणीवर होती. आणि खोपीत त्यांच्या मागे बटणाची पेटी होती, एक नवखा मदतनीस होता, आणि मॅनेजर साहेबांचा फोन होता. इकडे माझा फोन पुन्हा वाजू लागला. उचलला तर मॅनेजर साहेब ओरडले, दुसरा भोंगा अजून का नाही, ढग कुठवर आला बघ. आत माणूस आहे म्हटलं तर म्हणाले, चारी झेंड्या तर दिसतात मला इथून.

मी भोंग्याची किल्ली काढली, पदराच्या गाठीत बांधली आणि केबिनला कडी न लावता धावत सुटले. भोंगा नाही तर बटण नाही. नियम माणसाच्या उपयोगी पडतो तो असा कधीतरी.

डम्पची उतरण नुसती भुसभुशीत. दोनदा बसले, एकदा चप्पल राहिली ती हाताने उचलून पुन्हा घातली. वीज चमकली की मनात आवाजाची वाट बघायची आणि आवाज आला की पुढे पळायचं. आपण बारूद भरलेल्या जमिनीकडे पळतो आहोत, तिच्यापासून नाही, हे पायांना पटत नव्हतं. मला खूप भीती वाटत होती. ती झाकून सांगण्यात काही अर्थ नाही.

दगडांचा ढीग ओलांडला आणि बाबा दिसले. बनियनवर, उघड्या डोक्याने, होलांच्या मधे ताठ उभे. पिवळ्या-लाल तारा त्यांच्या अवतीभवती या होलातून त्या होलात गेलेल्या. हातात उलटी केलेली टोपी. ते हलत नव्हते. मला बघून त्यांनी फक्त तळहात वर केला.

"थांब. तिथंच थांब. पाय नको टाकू."

"बाबा, चला लवकर."

"तिसरं सापडून नाही रायलं," ते म्हणाले.

टोपीत दोन पिल्लं होती, लिंबाएवढी, मुरमाच्याच रंगाची. डोळे मिटून एकमेकांना चिकटून बसलेली. बाबांनी पुटपुटत सगळं सांगितलं. सकाळी अंडी होती. भोंगा झाल्यावर यायचं, अंडी टोपीत घ्यायची आणि धुऱ्यापलीकडे नेऊन ठेवायची, एवढंच काम होतं. तेवढ्या वेळासाठीच कोट उभा केला होता. आले तर अंडी फुटलेली आणि पिल्लं पायांवर. ती पळाली. दोन धरली. तिसरं त्यांच्या पायाशी येऊन बसलं आणि तिथेच दिसेनासं झालं. पखुर्डीचं पिल्लू भ्यालं की जमिनीला चिकटतं, आणि मग ते दगड आहे की जीव, हे कोणाच्या बापाला कळत नाही.

"पाय कुठं टेकवू?" बाबा म्हणाले. "जिथं टेकवीन तिथं असंल ते."

मी खाली बसले. हाताने एक-एक दगड चाचपत त्यांच्याकडे सरकले. तारांना धक्का लागू नये म्हणून साडीचा घोळ दातांत धरला. दगड, दगड, गवताची काडी, अंड्याचं टरफल, दगड. सगळे सारखेच उबदार होते, उन्हात तापलेले. वर त्या दोन पखुर्ड्या ओरडत फिरतच होत्या. एकदम वीज अशी कडाडली की हातातला खडा उडून पडला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा जमीन जागेवर होती.

तेव्हा मला बाबांचा असा राग आला की तसा पुन्हा कधी आला नाही. मी तोंडाला येईल ते बोलले. वावर देताना एक शब्द नाही बोललात, सही करून आलात. बैल विकले तेव्हा नाही. घर मोडलं तेव्हा नाही. आणि आता एका पाखरासाठी जीव द्यायला उभे राहिलात. आईला काय सांगू मी, कशापायी गेले म्हणून सांगू?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या वावरातून मी सगळ्यायले बाहेर काढलं, माय. तुह्या मायले काढलं. ढोरं काढली. लिंबाखालचा देव उचलून नेला. नागोबाचं वारूळ होतं, त्याले दूध ठेवून हात जोडून सांगितलं, बाबा, आता जाय. सारे पायी चालत गेले. कोणाले पायाखाली नाही घेतलं मी." त्यांनी टोपी छातीजवळ घेतली. "हे शेवटचं होतं. याले कसा घेऊ?"

तेव्हा मला समजलं, की ते पाखरासाठी उभे नव्हते. त्यांनी सही केली होती ना, ती ज्या अटीवर मनातल्या मनात केली होती, त्या अटीवर ते उभे होते. ती अट कोणत्याच कागदावर नव्हती.

मग मी एकच केलं. उठले, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि दोन्ही पाय जुळवून घट्ट रोवले.

"ठीक हाये," मी म्हणाले. "मंग मीबी पाय नाही उचलत. माह्याबी पायाखाली असंल एखाद्या वेळी."

"तू जाय, छबू. मांगं जाय."

"कशी जाऊ? तुम्हीच म्हणता ना पाय नको टाकू."

"जाय म्हटलं ना."

मी गेले नाही. मी धीट होते म्हणून नाही. पण त्यांना तिथे सोडून चढ चढत जाणारी मी मला डोळ्यांपुढे दिसेना, म्हणून उभी राहिले. पहिला टपोरा थेंब माझ्या कपाळावर पडला, गारेसारखा थंड. दूर खाणीच्या काठावरून खोब्रागडे साहेब हातवारे करत पळत येताना दिसत होते. त्यांचं ओरडणं वाऱ्यात ऐकू येत नव्हतं.

बाबांनी ढगाकडे पाहिलं. मग खाली माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या दोन घोट्यांच्या मधून एक पिवळी तार गेली होती. ती मी पाहिलीच नव्हती, त्यांच्या नजरेमागे बघितलं तेव्हा दिसली. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले, किंवा मला तो वेळ बराच वाटला. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येणार नाही. त्यांनी टोपी माझ्या हातात दिली, माझा दंड धरला आणि मान वर केली.

"पुढं पाहून चाल," ते म्हणाले. "खाली नको पाहू."

आणि त्यांनी पाय उचलला.

आम्ही चाललो. तारा तेवढ्या सांभाळल्या, बाकी खाली बघितलं नाही. त्यांची बोटं माझ्या दंडात रुतली होती. त्यांचे वळ पुढे आठवडाभर होते. ढिगापाशी खोब्रागडे साहेब भेटले. त्यांना धड श्वास घेता येत नव्हता. त्यांनी शिवी द्यायला तोंड उघडलं, टोपीतल्या पिल्लांकडे पाहिलं आणि न देताच वळले.

केबिनमध्ये आल्यावर पदराची गाठ मला सुटेना. शेवटी ती दातांनी सोडवली, खोब्रागडे साहेबांचा खोपीतून फोन आल्यावर किल्ली लावली आणि दुसरा भोंगा दिला. बाबा दाराशी जमिनीवर बसले होते. दुसऱ्या भोंग्यामागे बेंच उठली, धुराळा झाली आणि खाली बसली. जिथे आम्ही उभे होतो तिथे आता मोकळे दगड होते. पावसाने त्यावरचा धुराळाही लगेच बसवला. मी सगळं मोकळं झाल्याचा लांब भोंगा दिला तेव्हा बाबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

ठेकेदाराने त्यांना दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. मला जागा सोडल्याबद्दल ताकीद मिळाली. खोब्रागडे साहेब मधे पडले म्हणून ताकिदीवर भागलं. दोन पिल्लं बाबांनी त्याच संध्याकाळी नदीपलीकडच्या पडीक रानात नेऊन सोडली. थवा तिकडेच उतरला होता. पखुर्डीचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून पिल्लांना पाणी आणतो. तो त्यांच्यापर्यंत पोचला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिकडेही बेंच गेली. आता त्या भागात पखुर्डी दिसली तर पोरं फोटो काढून एकमेकांना पाठवतात.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा आईला काहीच सांगितलं नाही. बाबांनी बूट दाराबाहेर काढले. रोज ते बूट उंबऱ्यावर आपटायचे, उलटे करायचे आणि काडीने तळव्यातली माती कोरून काढायचे. त्याशिवाय घरात पाय ठेवायचे नाहीत. त्या दिवशी ते सरळच ठेवून आत गेले. जेवणं झाली, भांडी झाली. पाऊस पुन्हा येईल म्हणून मी बूट आत घ्यायला बाहेर गेले. एक उचलला, आणि तळवा उजेडाकडे वळवणार तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला.

"राहू दे, माय."

मी तो होता तसाच खाली ठेवला.